बादलीतला मत्स्य : ओवेन्स खोऱ्यातील एका इवल्या माशाचा इतिहास

शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा वर्गात शिकवताना दरवर्षी एक अनुभव येतो. विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतो तो प्रलय आणि शिंगाला बांधलेली नौका. कथेचा आरंभ मात्र बहुतेकांच्या स्मरणातून निसटतो. वास्तविक तो आरंभ फार साधा आणि फार सुंदर आहे. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात एक मासोळी मनूच्या हाती लागते आणि मला वाढव, असे म्हणते. तिने दिलेले कारणही लक्षात घेण्याजोगे आहे. आम्ही लहान असतो तोवर आमच्या जिवाला मोठा धोका असतो, कारण मासाच माशाला गिळतो. मनू तिला आधी कुंभात ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात. महाभारताच्या वनपर्वात हे टप्पे थोडे बदलतात, मध्ये गंगा येते. पण कथेला पुढे ढकलणारी गोष्ट दोन्हीकडे एकच आहे. मासा वाढत जातो आणि पात्र अपुरे पडत जाते. लहानपणी ज्याने वाचवले त्याला मोठेपणी वाचवायचे, असा हा सरळ व्यवहार आहे.

आता अशी कल्पना करावी की मासा वाढतच नाही. तो दीड-दोन इंचांचाच राहतो, कोणालाही प्रलयातून तारून नेत नाही, आणि तरीही कोणीतरी त्याला पात्रात घेऊन निघाले आहे. ही कल्पना करण्याचेही कारण नाही. १८ ऑगस्ट १९६९ रोजी, कॅलिफोर्नियाच्या पूर्व सीमेजवळील ओवेन्स खोऱ्यात, बिशप गावाच्या उत्तरेला असलेल्या फिश स्लू नावाच्या दलदलीत हे प्रत्यक्ष घडले. फिल पिस्टर ह्या सरकारी मत्स्यजीवशास्त्रज्ञाने सुमारे ८०० मासे दोन बादल्यांत भरले आणि उंचसखल दलदलीतून तो गाडीकडे चालू लागला. जगात त्या प्रजातीचे तेवढेच मासे उरले आहेत, अशी त्या क्षणी त्याची समजूत होती आणि ती चुकीची मानण्यास काही आधार नव्हता.

ह्या माशाचे नाव ओवेन्स पपफिश. शास्त्रीय नाव सायप्रिनोडॉन रेडिओसस. किलीफिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान माशांच्या मोठ्या गणगोतातला हा एक. 'किली' ह्या शब्दाचा मारण्याशी काही संबंध नाही, हे भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी सांगून ठेवतो; ओहोळ ह्या अर्थाच्या जुन्या डच शब्दापासून तो आला असे मानले जाते. 'पप' म्हणजे कुत्र्याचे पिल्लू. वीण-हंगामात निळेशार झालेले नर आपापल्या हद्दीसाठी एकमेकांच्या मागे धावतात, उलटतात, पुन्हा धावतात. ते पाहून हे नाव पडले. आयुष्य बहुधा एखाद्या वर्षाचे. ह्या कुळाचे वैशिष्ट्य असे की जे पाणी इतर मासे नाकारतील ते त्याला चालते. झऱ्याचे गोडे पाणी, दलदलीच्या काठचे मचूळ पाणी, उन्हाने तापून निम्मे आटलेले डबके, ह्या सगळ्यांशी त्याने जमवून घेतले आहे. शेजारच्या मृत्यूदरीत त्याचे एक भावंड समुद्राच्या बरोबरीच्या खारट ओढ्यात राहते.

हे जमवून घेणे भूगोलाने शिकवलेले आहे. हिमयुगात ओवेन्स नदीचे सरोवर भरून वाहत असे आणि त्याचे पाणी एका सरोवरातून दुसऱ्यात, असे करत अखेर मृत्यूदरीपर्यंत पोहोचत असे. हवामान कोरडे झाले, साखळी तुटली, आणि मासे आपापल्या झऱ्यांत अडकून पडले. वाळवंटातला प्रत्येक झरा मग एक बेट झाला. एखादी बोली खोऱ्याखोऱ्यांत अडकून वेगळी होत जाते, तसे ह्या माशांचे झाले, असे म्हटल्यास भाषाशास्त्राचे अभ्यासक बहुधा हरकत घेणार नाहीत.

ह्या खोऱ्याचे नावच मुळी एका अनुपस्थिताचे आहे. रिचर्ड ओवेन्स हा १८४५ च्या सुमारास फ्रेमाँटच्या शोधमोहिमेत होता. मोहिमेची एक तुकडी ह्या खोऱ्यातून गेली, पण ओवेन्स दुसऱ्या तुकडीत होता. त्याने हे खोरे पाहिले नाही, आणि तरीही नदी, सरोवर, खोरे आणि शेवटी हा मासा, सर्वांच्या माथी त्याचे नाव बसले. येथे आधीपासून राहणाऱ्या नुमू लोकांचे (इंग्रजी कागदपत्रांत ते पायूट म्हणून येतात) स्वतःचे नाव होते पायाहूनाडू, म्हणजे वाहत्या पाण्याची जागा. सिएरा नेवाडाच्या बर्फातून उतरणाऱ्या ओढ्यांना बांध घालून आणि पाट काढून हे लोक रानातल्या कंदांची कुरणे भिजवीत. नांगर नाही, पेरणी नाही, पण सिंचन आहे. मानवशास्त्रज्ञ ज्युलियन स्ट्यूअर्ड ह्यांनी १९३० च्या आसपास ह्याची नोंद केली तेव्हा शेतीच्या विकासक्रमाचे ठरीव कोष्टक मांडून बसलेल्यांची थोडी पंचाईत झाली असणार. पाण्याच्या वाटपासाठी हे लोक दर हंगामाला एकाची निवड करीत. हे छोटे मासे टोपल्यांनी उपसून, वाळवून, हिवाळ्यासाठी ठेवण्याची रीतही त्यांच्यात होती. माशाच्या दोन हजार शब्दांच्या इतिहासात हे एक वाक्य सहज वाचून पुढे जाता येते; परंतु ह्या माशाला कोणीतरी अन्न म्हणून, म्हणजे रोजच्या व्यवहारातली वस्तू म्हणून ओळखत होते, असे सांगणारे हे जवळजवळ एकमेव वाक्य आहे.

१८६० नंतर गुरेवाले आले. त्यांची जनावरे भिजवलेल्या कुरणांत शिरली, उपासमार झाली, लढाई झाली. १८६३ च्या जुलैमध्ये लष्कराने सुमारे हजारभर नुमूंना भर उन्हात डोंगरापलीकडच्या फोर्ट तेहोनपर्यंत चालवत नेले. त्यांचे पाट आणि भिजवलेली जमीन नव्या शेतकऱ्यांच्या हाती आली. पुढे पन्नास वर्षांनी ह्याच शेतकऱ्यांच्या वंशजांचे पाणी लॉस एंजेलिस शहराने घेतले. १९०५ पासून शहराच्या वतीने जमिनी व पाण्याचे हक्क विकत घेतले गेले, विल्यम मुलहोलंडच्या देखरेखीखाली सुमारे ३७५ किलोमीटरचा जलमार्ग बांधला गेला, आणि ५ नोव्हेंबर १९१३ रोजी ओवेन्स नदीचे पाणी शहरात पोहोचले. ज्या ओवेन्स सरोवरावर १८७२ मध्ये 'बेसी ब्रेडी' ही आगबोट खाणीतल्या धातूच्या विटा वाहून नेत होती, ते सरोवर १९२६ पर्यंत कोरडे झाले. दरम्यान १९२४ साली जलमार्गाला सुरुंग लावण्यात आला आणि नोव्हेंबरात शेतकऱ्यांनी लोन पाइनजवळचे दरवाजे काबीज करून पाणी पुन्हा जुन्या पात्रात सोडून दिले.

ह्या संघर्षाचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे. १९७४ चा 'चायनाटाउन' हा चित्रपट त्याच्यावरच उभा आहे, जरी त्याने काळ बदलला आणि बाकी बरेच काही रचले. साहित्याच्या वाचकाला अधिक जवळची वाटेल ती मेरी ऑस्टिन. ती ह्याच खोऱ्यात, इंडिपेंडन्स गावी राहिली. तिचे 'द लँड ऑफ लिटल रेन' हे पुस्तक १९०३ मध्ये, म्हणजे शहराचे दलाल येण्याआधी जेमतेम दोन वर्षे, प्रसिद्ध झाले. त्यात पाण्याच्या काठांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत आणि टोपल्या विणणाऱ्या एका पायूट स्त्रीचे व्यक्तिचित्र आहे. पुढे तिने आणि तिच्या नवऱ्याने शहराच्या योजनेला विरोध केला, आणि १९१७ च्या 'द फोर्ड' ह्या कादंबरीत ही लढाई तिने कथारूपाने मांडली. कादंबरी तितकीशी जमलेली नाही, असे माझे मत आहे. निबंधात ती पाण्याकडे पाहते आणि वाट पाहू शकते. कादंबरीत पाणी हे कोणाच्या तरी मालकीचे असावे लागते, तरच कथानक पुढे सरकते.

आणि नेमकी हीच अडचण खोऱ्याच्या एकूण इतिहासलेखनाची आहे. चोरीच्या गोष्टीत एक लुटणारा लागतो आणि एक लुटला गेलेला. शहर विरुद्ध शेतकरी अशी मांडणी केली की नुमू त्यातून गळतात, कारण लुटला गेलेला आधी स्वतः लुटणारा होता हे सांगावे लागते. त्यांना आत घेतले तरी वाहत्या पाण्यात कोण राहत होते हा प्रश्न उरतोच. माशाने कधी हक्क नोंदवला नाही. वाळलेल्या माशांच्या टोपल्यांनंतर इतिहासात त्याचे दर्शन होते ते थेट १९१६ मध्ये, तेही डासांच्या निमित्ताने.

ते दर्शन मोठे उपरोधिक आहे. चतुरांचे (म्हणजे पाण्यावर भिरभिरणाऱ्या त्या कीटकांचे) अभ्यासक असलेले सी. एच. केनेडी ह्यांना ह्या खोऱ्यात काम करताना हे मासे विपुल आढळले. डासांच्या अळ्या खाण्यासाठी त्यांचा उपयोग होऊ शकेल, अशी सूचना करणारा लेख त्यांनी कॅलिफोर्नियाच्या मत्स्यविषयक नियतकालिकात लिहिला. सूचना तेथेच राहिली. पुढे डासांच्या बंदोबस्तासाठी खोऱ्यात मासे सोडले गेले खरे, पण ते बाहेरचे, गॅम्बुशिया. घरचा वैद्य सोडून परगावचा बोलावला, आणि त्याने घरच्यालाच जागेवरून उठवले.

गॅम्बुशिया आपल्याला अपरिचित नाही. १९२८ साली तो हिवताप-नियंत्रणासाठी भारतात आणला गेला; गप्पी त्याच्या आधीच आला होता. आजही पावसाळ्यात आपल्या गावोगावी आरोग्यसेवक टाक्यांत, डबक्यांत गप्पी सोडताना दिसतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या ओहोळांत, भातखाचरांच्या कडेला, पाण्याच्या अगदी पृष्ठभागाशी तरंगणारे, डोक्यावर चकाकता ठिपका असलेले छोटे मासे लहानपणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. तेही किलीफिशच, पॅनचॅक्स. डासांच्या अळ्या तेही खातात. त्यांच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. एवढेच, की केनेडींचा १९१६ चा लेख वाचताना वारंवार आठवत होते ते ओवेन्सचे खोरे नव्हे.

गॅम्बुशियापेक्षा मोठा आघात बास ह्या शिकारी माशाचा. गळ टाकून मासे पकडण्याच्या हौसेसाठी बास आणि ट्राउट खोऱ्यात सोडले गेले. बर्फाच्या पाण्यातल्या खोऱ्यात मुळात एवढा मोठा भक्षक मासाच नव्हता. त्यामुळे पपफिशला पळून लपण्याची सवय असण्याचे कारणही नव्हते. मनूच्या मासोळीला जी भीती होती ती येथे अक्षरशः खरी ठरली. मात्र आपल्या मत्स्यन्यायात मोठा मासा निसर्गतःच तेथे असतो. येथे तो हौसेखातर आणून सोडलेला होता.

पाणी गेले, उरलेल्या पाण्यात बास आले. १९४२ च्या सुमारास हा मासा संपला असे समजले जाऊ लागले. रॉबर्ट रश मिलर ह्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले ते १९४८ मध्ये. म्हणजे विज्ञानाच्या दप्तरी बारसे झाले तेव्हा मृत्यूची बातमी आधीच आलेली होती. जुलै १९६४ मध्ये मिलर, त्यांचे ज्येष्ठ सहकारी कार्ल हब्ज आणि स्थानिक अधिकारी म्हणून पिस्टर असे तिघे फिश स्लूमध्ये गेले आणि उथळ पाण्यात त्यांना तो जिवंत सापडला. १९६७ मध्ये अमेरिकेने संकटग्रस्त प्रजातींची पहिली अधिकृत यादी केली, तीत त्याचे नाव आले. आणि १९६९ च्या ऑगस्टमध्ये ज्या डबक्यात ते उरले होते ते आटू लागल्याची बातमी पिस्टरकडे आली.

त्या दिवशीचा वृत्तांत आपल्याला मुख्यतः पिस्टरच्याच शब्दांत उपलब्ध आहे. त्याने आणि सहकाऱ्यांनी आटत्या डबक्यातून मासे काढून जवळच्या मुख्य प्रवाहात, जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवले. संध्याकाळ झाली, सहकारी जेवायला गावात गेले. पिस्टर मागे राहिला, आणि त्याच्या लक्षात आले की पिंजरे जेथे ठेवले तेथे पाणी पुरेसे खेळत नाही, प्राणवायू कमी पडतो आहे, मासे मरत आहेत. मग बादल्या. ठेच लागू नये, पाय एखाद्या बिळात जाऊ नये, म्हणून तो मनोमन विनवणी करत चालला होता, असे त्याने पुढे लिहिले.

'पुढे' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. 'स्पीशीज इन अ बकेट' हा त्याचा प्रसिद्ध लेख 'नॅचरल हिस्टरी' मासिकात आला १९९३ च्या जानेवारीत, घटनेनंतर तेवीस वर्षांनी, तो निवृत्त झाल्यावर. प्रामाणिक लेख आहे आणि पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. तरीही साहित्याच्या अभ्यासकाने त्याच्याकडे केवळ साक्ष म्हणून पाहू नये. अंधारून येणारी दलदल, एकटा माणूस, दोन हातांत दोन बादल्या, आणि एका प्रजातीचे असणे-नसणे त्याच्या पावलांवर. ह्या प्रतिमेत एवढी ताकद आहे की ती बाकी सगळे बाजूला सारते. पिंजरे चुकीच्या जागी ठेवले गेले ही सामूहिक चूक होती, हे तो लपवत नाही. वाचकच ते विसरतो. आपल्याला मनू हवा असतो.

लेखातला मला अधिक महत्त्वाचा वाटणारा भाग दुसराच आहे. पिस्टर मुळात ट्राउटचा माणूस. खात्याचे उत्पन्न मासेमारीच्या परवान्यांतून येणार, परवानेधारकांना ट्राउट हवे, म्हणून उबवणीकेंद्रातले ट्राउट ओढ्यांत सोडायचे, ही त्याच्या नोकरीची पहिली अनेक वर्षे. ज्या व्यवस्थेने पपफिशला उठवले तिचाच तो पगारी सेवक होता. बर्कलीला त्याचे शिक्षक होते स्टार्कर लिओपोल्ड, म्हणजे १९४९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'अ सँड काउंटी अल्मनॅक'च्या कर्त्याचे, आल्डो लिओपोल्ड ह्यांचे पुत्र. वडिलांच्या पुस्तकातला विचार वर्गातून एका विद्यार्थ्यापर्यंत आला, आणि तो उगवायला जवळपास वीस वर्षे लागली. आपल्यासारख्या शिकवणाऱ्यांना ह्यात दिलासा मानावा की चिंता, हे मला ठरवता आलेले नाही. ह्या माशाचा उपयोग काय, असे लोक पिस्टरला आयुष्यभर विचारत राहिले. तो उलट विचारणाऱ्याचाच उपयोग विचारी. उत्तर म्हणून ते टाळ्या घेणारे आहे. परंतु १९१६ चे केनेडी आठवले की त्यातली खोच वेगळीच दिसते: उपयोग तर सांगितला गेला होता, छापूनही आला होता, आणि त्याने माशाचे काहीच भले झाले नाही.

उपयोगाचा प्रश्न बाजूला ठेवून कायद्याने ह्या कुळाची दखल घेतली ती शेजारच्या नेवाडात. डेव्हिल्स होल ह्या कपारीत तळाचे पाणी उघडे पडते; तेथल्या एका उथळ खडकावर पपफिशची आणखी एक प्रजाती वीण घालते, जगात फक्त तेथेच. १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन ह्यांनी ती जागा संरक्षित स्मारकात घेतली होती. १९६८ पासून शेजारच्या मळ्याने विहिरी उपसायला सुरुवात केली आणि पाणी खडकाखाली उतरू लागले. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जून १९७६ मध्ये न्यायालयाने एकमताने मळ्याच्या उपशावर मर्यादा घालणे योग्य ठरवले. त्या काळात मासा वाचवा आणि मासा मारा अशा दोन्ही घोषणांचे कागद गाड्यांच्या मागे चिकटवलेले दिसत. निकालातली भाषा मात्र कोरडी आहे: स्मारक राखून ठेवताना सरकारने त्याच्या हेतूपुरते पाणीही राखून ठेवले असे मानावे, एवढाच तिचा मुद्दा. भावनेला त्यात जागा नाही, आणि कदाचित त्यामुळेच तो टिकला. मासे टिकले, पण जेमतेम. २०१३ च्या वसंतातील गणनेत ३५ आणि २०२५ च्या वसंतात, भूकंपांनी खडकावरचे खाद्य वाहून गेल्यावर, ३८.

ओवेन्स पपफिशच्या वाट्याला असा खटला आला नाही. त्याच्या वाट्याला आली ती राखण. १९६९ च्याच नोव्हेंबरात मृत्यूदरीत जमलेल्या काही लोकांतून डेझर्ट फिशेस कौन्सिल ही संस्था उभी राहिली आणि पिस्टरने तिचे काम दीर्घकाळ पाहिले. फिश स्लूमध्ये बंधारे घालून अभयस्थाने केली गेली, ज्या शहराने खोऱ्याचे पाणी नेले त्याच शहराच्या जलविभागाच्या सहकार्याने. कारण खोऱ्यातली बहुतेक खासगी जमीन एव्हाना शहराच्याच मालकीची होती. हे वाक्य चोरीच्या गोष्टीत बसवणे अवघड आहे. शहराने जमिनी घेऊन ठेवल्या म्हणून तेथे वस्त्या वाढल्या नाहीत, असेही म्हणता येते. म्हणू नये असे नाही, पण कोरड्या सरोवराच्या तळावरून उडणारी विषारी धूळ ज्यांनी श्वासातून घेतली त्यांच्यासमोर म्हणताना थोडे थांबावे.

बादल्यांतल्या ८०० माशांची संतती पुढे वेगवेगळ्या डबक्यांत नेऊन सोडली गेली. काही ठिकाणी जगली, काही ठिकाणी बास पुन्हा शिरले, काही ठिकाणी पाणकणीस एवढे माजले की उघडे पाणीच उरले नाही. सगळी पिढी मूठभरांपासून आलेली, त्यामुळे वंशवैविध्याची जी झीज झाली ती भरून येणारी नाही. फिश स्लूच्या झऱ्यांचा प्रवाहही गेल्या अनेक दशकांत घटत आला आहे. पिस्टर २०२३ च्या जानेवारीत गेला. मृत्युलेखांत अर्थातच बादल्या होत्या. त्याच्यानंतर आणि त्याच्या हयातीतही डबक्यांत उतरून गणना करणारे, पाणकणीस उपटणारे, जाळ्यांनी बास काढणारे जे कर्मचारी होते, त्यांची नावे खात्याच्या अहवालांत सापडतात, कथेत नाहीत.

ज्या मोजक्या ठिकाणी हा मासा जपला गेला त्यांतल्या एकाचे नाव आहे वेल ३६८. खोऱ्याच्या मध्यभागातला हा शहराच्या जलविभागाचा वाहता बोअर; विभागाच्या नोंदवहीत त्याचा जो क्रमांक, तेच त्याचे नाव. त्यातून वाहून येणाऱ्या पाण्याचे एक डबके झाले आहे. नुमूंचे पायाहूनाडू, मग कधीही न आलेल्या ओवेन्सचे खोरे, मग हा आकडा. नकाशावर ते शोधायला गेलो तर पहिल्या खेपेला मला सापडले नाही.